माउथवॉशमुळे दातातलं फिलिंग झिजतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या दोन दातांत दाताच्या रंगाचं फिलिंग, मागच्या एका दाढेत जुनी चांदी आणि हिरडीलगतच्या एका खड्ड्यात सिमेंट. गेली दोन वर्षं सकाळी आणि रात्री ब्रश झाला की लगेच माउथवॉशची चूळ. त्यातल्या अल्कोहोलने फिलिंग मऊ पडतं असं कुणीतरी सांगितलं, आणि आता पुढच्या एका फिलिंगभोवती बारीक तपकिरी रेघही दिसायला लागली आहे. तर माउथवॉश बंद करावा का?

दात भरायचं काम मी वीसेक वर्षं रोज करतोय, त्यामुळे आधी माझाच तुम्हाला एक उलटा प्रश्न: बाटली कोणती? ती उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात अल्कोहोल किंवा इथेनॉल आहे का, क्लोरहेक्सिडिन आहे का, सोडियम फ्लोराइडच्या शेजारी फॉस्फोरिक आम्ल आहे का, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे का? यातला प्रत्येक पदार्थ वेगळं काम करतो. तुमच्या तोंडातली तीन फिलिंगंही तीन वेगळ्या जातींची आहेत. ‘माउथवॉशने फिलिंग खराब होतं’ हे वाक्य म्हणूनच मला ‘औषधाने पोट बिघडतं’ यासारखं वाटतं. कुठलं औषध, कुणाचं पोट, हे कळल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

तुमचा मुद्दा अल्कोहोलचा आहे, तेव्हा पांढऱ्या फिलिंगपासून सुरू करू.

दाताच्या रंगाचं फिलिंग म्हणजे कॉम्पोझिट. राफेल बोवेन या अमेरिकी संशोधकाने १९६२ साली ज्या रेझिनचं, म्हणजे कडक होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचं, पेटंट घेतलं, त्याच बिस-जीएमए नावाच्या रेझिनवर किंवा त्याच्या भाऊबंदांवर आजचीही बरीचशी कॉम्पोझिट उभी आहेत. या रेझिनमध्ये काचेची अतिशय बारीक पूड कालवलेली असते. पूड वजनाने रेझिनपेक्षा बरीच जास्त असते, आणि पूड व रेझिन एकमेकांना धरून राहावेत म्हणून काचेच्या प्रत्येक कणावर सायलेन नावाच्या रसायनाचा पातळ थर असतो. आम्ही हा मऊ गोळा खड्ड्यात बसवतो, निळा लाईट मारतो आणि रेझिनचे सुटे रेणू एकमेकांत गुंतून कडक जाळं तयार होतं.

हे जाळं पूर्ण कधीच विणलं जात नाही. चांगला लाईट, पुरेसा वेळ आणि नीट कोन असला तरी रेझिनमधले साधारण ५० ते ७५ टक्केच दुवे जुळतात. उरलेले अर्धवट लोंबकळत राहतात आणि थोडे रेणू तर साफ सुटेच असतात. अल्कोहोलला शिरायला वाट मिळते ती इथेच. पाणीही या जाळ्यात शिरतं, पण इथेनॉलचं आणि या रेझिनचं जास्त जमतं. ते साखळ्यांच्या मध्ये घुसतं, जाळं किंचित फुगवतं, त्यामुळे साखळ्या एकमेकांवर सैल पडतात आणि पृष्ठभाग मऊ होतो. जाताना ते काही सुटे रेणू सोबत घेऊन जातं. शिवाय रेझिनच्या साखळ्यांतले एस्टर बंध आणि काचेच्या कणांवरचा सायलेनचा थर पाण्याने हळूहळू तुटत असतो. तो सुटला की वरचे काचकण निखळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

तेव्हा तुम्हाला सांगणारा माणूस हवेत बोलत नव्हता. प्रयोगशाळेत कॉम्पोझिट मुद्दाम लवकर ‘म्हातारं’ करायचं असेल तर ७५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धतच आहे. आता माउथवॉशमध्ये अल्कोहोल किती? लिस्टरिन हे या जातीचं सगळ्यात जुनं नाव. जोसेफ लॉरेन्स या डॉक्टरने १८७९ साली ते बनवलं तेव्हा चूळ भरणं हा हेतूच नव्हता, ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचं जंतुनाशक होतं. त्याच्या मूळच्या पिवळसर प्रकारात अल्कोहोल २६.९ टक्के आणि नंतरच्या निळ्या पुदिन्याच्या प्रकारात २१.६ टक्के. गंमत म्हणजे जंतूंवरचं मुख्य काम त्यात थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथिल सॅलिसिलेट ही तेलं करतात. अल्कोहोल आहे ते ही तेलं पाण्यात विरघळून राहावीत म्हणून. म्हणूनच त्याच तेलांचे बिनअल्कोहोलचे प्रकारही पुढे निघू शकले.

२६.९ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण यावरच्या बहुतेक प्रयोगांत काय करतात ते जवळून पाहिलं की तो आकडा आपल्या जागी बसतो.

कॉम्पोझिटची साधारण दोन मिलिमीटर जाडीची एक चकती बनवतात. लाईट मारून ती कडक करतात, पॉलिश करतात आणि तिचा कडकपणा मोजतात. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली हिऱ्याचं एक चिमुकलं टोक ठरावीक वजनाने तिच्यावर दाबायचं आणि उमटलेल्या चौकोनी खुणेची लांबी मोजायची. खूण जितकी मोठी तितका पदार्थ मऊ. मग ती चकती माउथवॉशमध्ये सोडून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. किती वेळ? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: १२ तास. कारण माणूस रोज दोन मिनिटं चूळ भरतो असं धरलं तर ३६५ दिवसांची ७३० मिनिटं होतात, म्हणजे बारा तास आणि वर दहा मिनिटं. झालं, १२ तास बुडवलेली चकती म्हणजे एक वर्ष वापरलेलं फिलिंग.

हिशोब कागदावर बरोबर आहे. तोंडात मात्र तसं घडत नाही. सलग बारा तास बुडलेल्या चकतीत अल्कोहोलला आत झिरपत जायला सवड मिळते. तुमच्या तोंडात ते अर्धा-एक मिनिट राहतं, तुम्ही थुंकता, लाळ उरलेलं पातळ करून धुऊन नेते आणि पुढचे दहा-बारा तास फिलिंग लाळेतच असतं. आत गेलेलं थोडंफार अल्कोहोल या वेळात बाहेर पडतं आणि मऊ पडलेल्या थराचा काही कडकपणा परत येतो. शिवाय दातावर आणि फिलिंगवर लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा सतत असतो, चकतीवर तो नसतो. याउलट चकतीला चावणं नाही, ब्रशचं घासणं नाही, गरम-थंड नाही, जंतू नाहीत. म्हणजे हा प्रयोग एका बाजूने तोंडापेक्षा कठोर आणि दुसऱ्या बाजूने फारच सौम्य आहे. दोन पदार्थांची आपसात तुलना करायला मी त्याचा उपयोग मानतो. तुमचं फिलिंग किती वर्षं टिकेल हे त्यावरून काढायला जाऊ नये.

याच प्रयोगांतल्या दोन गोष्टी बातम्यांत सहसा येत नाहीत. पहिली अशी की नुसत्या पाण्यात ठेवलेली चकतीही काही प्रमाणात मऊ होते. म्हणून शेजारी पाण्यातली चकती ठेवलेली नसेल तर ‘माउथवॉशने कडकपणा इतका कमी झाला’ या वाक्यात पाण्याचा वाटा किती हे कळायला मार्ग नसतो. दुसरी अशी की बिनअल्कोहोलच्या माउथवॉशमध्येही चकत्या मऊ झालेल्या दिसतात, कधी कधी अल्कोहोलवाल्याइतक्याच. कारण द्रावाचा आम्लपणा आणि त्यातले इतर विद्रावकही रेझिनवर काम करतात. बाटलीवर ‘अल्कोहोल-फ्री’ लिहिलं म्हणजे फिलिंगला अभय मिळालं, असा अर्थ काढू नका. अल्कोहोल टाळायची दुसरी चांगली कारणं आहेत: तोंड कोरडं पडणं, आग होणं, लहान मुलांच्या हाताला बाटली लागणं. फिलिंगचं कारण त्यांच्यानंतर येतं.

आणि माउथवॉश कधीच न लावणाऱ्या माणसाचं कॉम्पोझिटही झिजतंच. लाळेत आणि किडीच्या जंतूंत एस्टर बंध तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. ती दिवसाचे चोवीस तास कामावर असतात, तुमची चूळ दोन मिनिटं.

मग फिलिंग मरतं कशाने? या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मी बदललेल्या फिलिंगांपैकी पृष्ठभाग मऊ पडला म्हणून बदललेलं एकही मला आठवत नाही. बदलावी लागतात ती दोन कारणांनी. एक, फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागते. दोन, फिलिंग किंवा दात तुटतो. दाढांतली नीट भरलेली कॉम्पोझिट वर्षाला शेकडा एक ते तीन या वेगाने निकामी होतात, आणि त्यातली बहुतेक या दोन दारांनीच जातात. तेव्हा माउथवॉशबद्दल विचारायचा प्रश्न ‘पृष्ठभाग किती मऊ झाला’ हा नव्हे. माउथवॉश फिलिंगच्या कडेचं भलं करतोय की बुरं, हे विचारायला हवं.

आता तुमच्या तपकिरी रेघेकडे येतो, कारण ती नेमकी कडेवरच आहे.

अशी रेघ घेऊन कुणी खुर्चीत बसलं की मी आधी काही न बोलता दात हवेने कोरडा करतो. ओला दात खोटं बोलतो. सगळं एकसारखं चकाकतं. कोरडा झाला की एक्सप्लोररचं, म्हणजे आमच्या तपासायच्या बारीक सुईचं, टोक दातावरून फिलिंगकडे आणि मग फिलिंगवरून दाताकडे असं अगदी हलक्या हाताने सरकवतो. टोक दोन्ही दिशांना न अडकता गेलं तर कड जागेवर आहे. एकाच दिशेला अडकलं तर तिथे पायरी आहे, म्हणजे फिलिंग थोडं वर किंवा खाली राहिलंय. दोन्हीकडे अडकलं तर फट. मग रबर कप आणि पॉलिशिंग पेस्ट घेऊन दहा-पंधरा सेकंद फिरवतो. रेघ पुसली गेली तर ती वरवरचा डाग होती आणि विषय संपला. पॉलिश करूनही रेघ तशीच राहिली, आतून काळसर दिसली आणि टोकही अडकलं, तर पुढचा विचार करायचा: नुसती कड घासून सारखी करायची, तेवढाच भाग दुरुस्त करायचा की सगळं फिलिंग काढायचं. अनेकदा दुरुस्तीवर भागतं. रेघ दिसली की लगेच फिलिंग उकरणारे हातही आमच्या व्यवसायात आहेत, आणि दर वेळी उकरताना थोडा चांगला दातही जातो. तुमच्या डॉक्टरांना आधी पॉलिश करून बघायला जरूर सांगा.

तुमच्या बाटलीत क्लोरहेक्सिडिन असेल तर रेघेचा संशयित मला मिळाला. हिरड्यांसाठीचं हे सगळ्यात भरवशाचं औषध, ०.२ किंवा ०.१२ टक्के या प्रमाणात मिळतं. त्याची खुबी अशी की थुंकल्यावरही ते दातांवर, हिरड्यांवर आणि त्या लाळेच्या पापुद्र्यावर चिकटून राहतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. हीच खुबी डागाचं कारण होते. चिकटलेलं क्लोरहेक्सिडिन चहा-कॉफीतल्या रंगद्रव्यांना धरून ठेवतं आणि तपकिरी थर बसतो. तो सगळ्यात आधी कुठे बसेल? जिथे पृष्ठभाग खरखरीत आहे तिथे: फिलिंगची कड, दोन दातांमधली सांद, पॉलिश न झालेला कोपरा. सीपीसी म्हणजे सेटिलपायरिडिनियम क्लोराइड आणि स्टॅनस फ्लोराइड यांनीही डाग पडतात, पण क्लोरहेक्सिडिनइतके हमखास नाही.

क्लोरहेक्सिडिनने फिलिंगचं आयुष्य घटतं असं मी म्हणणार नाही. रंग बिघडतो, आणि पुढच्या दातांत रंग बिघडणं हेच लोकांना फिलिंग बिघडणं वाटतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे हे औषध दोन वर्षं नाही, साधारण दोन आठवडे वापरायचं असतं. हिरडीच्या उपचारानंतर, दात काढल्यावर किंवा ब्रश करता येत नाही अशा दिवसांत. रोजच्या सवयीसाठी ते नाही. दुसरं, टूथपेस्टमध्ये फेस येण्यासाठी जे सोडियम लॉरिल सल्फेट असतं ते क्लोरहेक्सिडिनला निकामी करतं. म्हणून ब्रश आणि ही चूळ यांत किमान अर्धा तास जाऊ द्यावा. ब्रशनंतर लगेच चूळ भरणाऱ्याला डाग पडण्याची शक्यता राहते आणि औषधाचा गुण मात्र अर्धवट मिळतो.

जाता जाता एक विचित्र योगायोग. कॉम्पोझिट दाताला चिकटवताना दाताच्या कडक कवचाखालच्या डेंटिनमधले कोलॅजन या प्रथिनाचे धागे रेझिनमध्ये गुंतवले जातात. दातातलीच काही विकरं पुढे हे धागे कुरतडतात आणि जोड कमजोर होतो. क्लोरहेक्सिडिन या विकरांना रोखतं, म्हणून काही दंतवैद्य चिकटवण्याआधी खड्ड्यात त्याचं २ टक्के द्रावण अर्धा-एक मिनिट लावतात. म्हणजे जे औषध बाहेरून फिलिंगची शोभा घालवतं तेच आतून जोडाची झीज लांबवू शकतं. पण हा फायदा चूळ भरून मिळत नाही. तो जोड फिलिंगखाली बंद असतो, चुळीचं पाणी तिथे पोहोचत नाही. आणि पोहोचत असेल तर आपली अडचण वेगळीच आहे.

हिरडीलगतचं तुमचं सिमेंट बहुधा ग्लास आयनोमर असावं. तुमच्या तीन फिलिंगांपैकी माउथवॉशच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त जपेन ते हेच. अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी हे लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते वापरात आलं. काचेची पूड आणि एक आम्ल एकत्र कालवायचं, आम्ल काचेतून कॅल्शियम-अॅल्युमिनियमचे आयन ओढून काढतं आणि त्यांतून घट्ट होणारं सिमेंट बनतं. ते दाताला स्वतःच चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं. पण जो पदार्थ आम्लाच्या मदतीने जन्मला, त्याला आम्ल पुढे बाधतं. आम्लयुक्त चूळ रोज भरली तर त्याचा पृष्ठभाग विरघळत जातो, खरखरीत होतो, कड खाली जाते. कॉम्पोझिटला जी चूळ फारशी टोचत नाही ती यालाच जास्त बाधते.

इथे एक गोष्ट नेमकी सांगतो. फ्लोराइडच्या जुन्या जेलांचा एक प्रकार आम्लीकृत फॉस्फेट फ्लोराइड, १.२३ टक्के फ्लोराइडचा आणि सुमारे ३.५ पीएचचा (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). तो काचेला कोरतो. ग्लास आयनोमर, चिनी मातीच्या कॅप, व्हिनिअर (दातावर चिकटवलेली पातळ चकती) यांच्यावर तो लावला की चकाकी जाते आणि पृष्ठभाग मॅट होतो. कॉम्पोझिटमधली काचपूडही त्याच्या तडाख्यात येऊ शकते. चिनी मातीचं काम केलेल्या माणसाला आम्ही म्हणूनच तटस्थ, म्हणजे आम्ल नसलेलं, सोडियम फ्लोराइड देतो. तुमच्या बाटलीत सोडियम फ्लोराइडच्या जोडीला फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल असेल तर हिरडीलगतच्या सिमेंटसाठी ती बाटली बदला, तटस्थ घ्या. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं, आणि हिरडी खाली सरकून उघडं पडलेलं मूळ त्याच्या बरंच आधी. तुमचं सिमेंट बसलंय त्या मुळाशीच. आम्लाने तिथे सिमेंट आणि दात दोघांनाही एकदमच धक्का बसतो.

उलट तटस्थ फ्लोराइडच्या चुळीतून या सिमेंटला एक फायदा होतो. सुरुवातीला त्याच्यातून भरपूर फ्लोराइड सुटतं, मग ओघ कमी होतो. बाहेरून फ्लोराइड मिळालं की सिमेंट थोडं शोषून घेतं आणि पुढे पुन्हा सोडतं. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडची रोजची चूळ या कामाला पुरते. कोरड्या तोंडाच्या माणसाला, मानेवर-जबड्यावर रेडिएशन घेतलेल्याला, किंवा ब्रेसेस लावलेल्याला तर मी ती सुचवतोच. अशा माणसाला अल्कोहोलवाली चूळ मात्र देणार नाही. लाळ कमी असली की पातळ करणारं, धुऊन नेणारं कुणी नसतं, आणि वर लिहिलेला लाळेचा सगळा आधार निघून जातो. रेझिन मिसळलेला आयनोमरचा एक प्रकार असतो, त्यात पाणी शोषणारा घटक असल्याने तो फुगतो आणि रंगही लवकर धरतो. तुमचं सिमेंट वर्षा-दोन वर्षांत पिवळट झालं असेल तर तो असण्याची शक्यता आहे.

चांदीबद्दल, म्हणजे चांदी आणि पारा असलेल्या अमलगमबद्दल, फार काही सांगण्यासारखं नाही. अल्कोहोल तिचं काही बिघडवत नाही, क्लोरहेक्सिडिनचा डाग तिच्यावर दिसला तरी कुणाला पर्वा नसते. सावध राहायचं ते पेरॉक्साइडच्या बाबतीत. दात पांढरे करणाऱ्या तीव्र पेरॉक्साइड जेलांमुळे अमलगममधून पारा थोडा जास्त सुटतो, असं प्रयोगशाळेत दिसतं. दीड टक्क्याच्या चुळीची गोष्ट जेलइतकी गंभीर नाही, पण पांढरेपणाच्या हौसेखातर महिनोन्‌महिने पेरॉक्साइडच्या चुळा भरायचं कारणही नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दंत-अमलगमचा वापर जवळपास बंद केला, पण त्यामागे पर्यावरणातल्या पाऱ्याची चिंता मोठी आहे. शाबूत चांदी केवळ त्या बातमीमुळे उकरून घेऊ नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त उठते.

पेरॉक्साइडचा विषय निघालाच आहे तर एवढं लक्षात घ्या: दात पांढरे करून घेतले की लगेच नवं कॉम्पोझिट भरू नये. दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही आणि जोड कच्चा राहतो. एक-दोन आठवडे थांबावं लागतं. कोविडच्या काळात आम्ही प्रत्येकाला खुर्चीत बसवण्याआधी पेरॉक्साइडची किंवा पोविडोन आयोडीनची चूळ भरायला लावत होतो. त्या एका चुळीने काही होत नाही.

नवं फिलिंग आणि माउथवॉश यांची गाठ कधी घालावी, हे बहुतेक जण विचारत नाहीत, पण विचारायला हवं. कॉम्पोझिटवर लाईट मारून झाला तरी आतली गुंफण पुढचा जवळपास एक दिवस सुरू राहते. याच काळात सुटे रेणू जास्त असतात आणि अल्कोहोलला आत शिरायला सगळ्यात सोपं जातं. आयनोमर तर पहिल्या दिवशी पाण्यालाही नाजूक आणि कोरडेपणालाही. ते सुकलं तर बारीक तडे जातात. आम्ही त्यावर वार्निशचा किंवा व्हॅसलीनचा थर देतो तो त्यासाठी. म्हणून पहिले चोवीस तास अल्कोहोलची किंवा आम्लाची चूळ नको. पाण्याने तोंड धुतलं तर चालेल.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, आणि ती बाटलीत नाही. तुम्ही ब्रश झाला की लगेच चूळ भरता. मोठ्यांच्या बहुतेक टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १४५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) असतं. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या चुळीत ते साधारण २२५ पीपीएम, आणि फ्लोराइडच नसलेल्या माउथवॉशमध्ये शून्य. म्हणजे दातांवर, आणि मुख्य म्हणजे फिलिंगच्या कडांवर, नुकताच बसलेला चांगला थर तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकता. दोन वर्षं, दिवसातून दोनदा. वर सांगितलंच की फिलिंग जातं ते कडेच्या किडीने. अल्कोहोलने पृष्ठभाग जेवढा मऊ केला असेल त्यापेक्षा या एका सवयीने तुमच्या फिलिंगांचं जास्त नुकसान होऊ शकतं. ब्रशनंतर नुसतं थुंका, चूळच नको, पाण्याचीही नको. माउथवॉश हवाच असेल तर दुपारी, जेवणानंतर वापरा.

थोडं आमच्याच लोकांबद्दलही. एखादं कॉम्पोझिट वर्षभरात खडबडीत झालं, डागाळलं, तर माझा पहिला संशय बाटलीवर जात नाही, माझ्यावर किंवा माझ्या आधी ज्याने भरलं त्याच्यावर जातो. लाईटचं टोक दाढेपासून लांब धरलं होतं का? टोकावर जुनं वाळलेलं रेझिन चिकटून प्रकाश अडला होता का? खोल खड्ड्यात दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे सोडून एकदम भरून टाकलं का? भरताना लाळ शिरली का? शेवटचं पॉलिश झालं का, की रुग्ण घाईत होता म्हणून राहिलं? कॉम्पोझिटच्या सगळ्यात वरच्या थराचा हवेतल्या ऑक्सिजनशी संपर्क येतो आणि त्यामुळे तो थर अर्धाकच्चाच राहतो. तो घासून काढला नाही तर कुठलाही माउथवॉश त्याला सहज मऊ करेल आणि कुठलाही रंग त्यात सहज मुरेल. जंतू चिकटण्याच्या दृष्टीने पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या आत असावा असं मानतात. नीट पॉलिश केलेलं कॉम्पोझिट त्याच्या आसपास येतं. ते काम झालेलं असलं की तुमची चूळ त्याला बरीच कमी बाधते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती फिलिंगला कुठल्याही चुळीपेक्षा महागात पडते, पण तो वेगळा विषय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बाटलीत क्लोरहेक्सिडिन असेल तर आजपासून बंद करा आणि हिरड्या दाखवून घ्या, कारण ते दोन वर्षं लागत असेल तर टार्टर काढायचा राहिलाय किंवा हिरडीचा आजार आहे. अल्कोहोलवाला माउथवॉश असेल तर फिलिंगच्या भीतीने टाकून द्यायची गरज नाही. तोंड कोरडं नसेल, आग होत नसेल, तर संपेपर्यंत दुपारी वापरा आणि पुढची बाटली फ्लोराइडची, तटस्थ पीएचची घ्या. नुसत्या तोंडाच्या वासासाठी चूळ भरत असाल तर जीभ घासायला सुरुवात करून बघा, बऱ्याच जणांना मग चुळीची गरज उरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नका, ती गिळतात.

आणि रेघ दाखवायला जाल तेव्हा बाटली पिशवीत टाकून सोबत न्या. ‘निळ्या रंगाचा आहे’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.